उताणी फोड

८ फेब्रुवारी १९३८, मंगळवार

आज वही घेतली. निळ्या पुठ्ठ्याची आहे. पहिल्याच पानावर घेवड्याच्या रश्श्याचा थेंब सांडला, म्हणजे आता ती दुकानात परत जायची नाही, माझीच.

लिहिण्यासारखं खरोखर घडलंय. पीचचा कारखाना जुलैपर्यंत बंद. तोवर घरी बसून अक्रोड फोडायचे आणि आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे, एवढंच समोर होतं. पण आज दुपारी चर्चच्या हॉलमध्ये स्टुडिओचा माणूस आला. फळं डब्यात भरणाऱ्या बायकांवर सिनेमा काढतायत म्हणे, कष्टाचा, संपाचा, अगदी खरा. त्यासाठी हे काम खरोखर केलेल्या बायका हव्यात. सगळ्यांनी हात वर केले. कारखान्यात माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या तेंचाच्या सासूनंही केला, तिनं जन्मात पीच फक्त खाल्लाय. त्यानं बारा जणी निवडल्या. माझे हात उलटसुलट करून बघितले, मंडईत मिरच्या बघतात तसे, आणि कागदावर काहीतरी खूण केली.

त्यानंतर तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. मी केव्हाच पडद्यावर पोचले होते. ही माझी जुनी खोड. कारखान्यात पाकाची वाफ दाटली की मला त्यात चित्रं दिसायला लागतात. तेंचा म्हणते, देल्फिना अर्धीच कामाला येते, उरलेली घरी झोपलेली असते.

९ फेब्रुवारी

आईला सांगितलं. तिला आता उजेड आणि मोठमोठे आकार तेवढे दिसतात, पण माझ्याकडे अशी बघते की मी काय लपवतेय ते तिला बरोबर कळतं.

ती म्हणाली, “त्यांच्या सिनेमात आपली मेक्सिकन बाई एक तर भांडी घासते, नाही तर दातांत फूल धरून नाचते. तू काय करणार आहेस?”

“पीच भरणार आहे.”

“मग ठीक. ते तुला येतं.”

१४ फेब्रुवारी, सोमवार

स्टुडिओतला पहिला दिवस. एका गोदामात त्यांनी आख्खा कारखाना उभा केलाय. पट्टा, बाकं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं आमच्यासारखं, फक्त स्वच्छ. वाफ नळीतून सोडतात आणि तिला कसलाच वास नाही. मला सारखं वाटत होतं की मी माझ्याच स्वप्नात कामाला आलेय आणि मुकादम कुठे दिसत नाही.

फेब्रुवारीत ताजे पीच कुठून आणणार? लांबच्या टोपल्यांत मेणाचे ठेवलेत. जवळून दिसणाऱ्या फोडींसाठी बाजारातून डबे आणलेत. म्हणजे आम्ही डब्यातल्या फोडी काढायच्या, पुसायच्या, आणि त्याच पुन्हा डब्यात भरायच्या. तेंचा म्हणाली, बाई, उन्हाळाभर भरले, आता हिवाळाभर रिकामे करा, देवाला तरी काही हिशेब लागतोय का बघा. ती हे मोठ्यानं म्हणाली, पण स्पॅनिशमध्ये, त्यामुळे बाकीचे कौतुकानं हसले.

एक डबा मी उघडला आणि माझे हात थांबले. सगळ्यांत वरची फोड उताणी होती, बाठ्याची खळगी आकाशाकडे. म्हणजे हा डबा आमच्या पट्ट्यावरचा. कदाचित मीच भरलेला.

हे इथे लिहून ठेवते, कारण बाहेर कुणाला सांगत नाही. नियम असा की सगळ्या फोडी पालथ्या, एकीवर एक, शिंपल्यांसारख्या. पण पाच वर्षांपूर्वी संप झाला आणि संप संपल्यावर एका सकाळी आमच्या पट्ट्यावरच्या चौघींना घरातून उचलून मेक्सिकोच्या गाडीत बसवलं. निकोलासा तर इथेच जन्मली होती, लॉस एंजेलिसात, तिकडे तिचं कुणीही नव्हतं. पुढच्या मोसमात त्यांच्या जागा भरल्या. त्याच मोसमापासून आमच्या पट्ट्यावर शेवटची फोड उताणी जाते, त्यांच्यासाठी. असं करू या म्हणून कुणी ठरवलं नाही. वर झाकण बसतं, मुकादमाला काय दिसणार?

तो डबा मी पुन्हा भरला नाही. बाजूला ठेवून दिला.

आम्हाला उभं करायचं काम एक पोरसवदा साहेब करत होता. त्यानं सगळ्यांत सावळ्या बायकांना मागे, वाफेपाशी नेलं, गव्हाळ होत्या त्यांना मधे, आणि पुढच्या रांगेत सोनेरी केसांच्या आठ पोरी आणून बसवल्या, ज्यांना सुरी कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मागे वाफ जास्त, तिथे सरावाची माणसं हवीत. पटण्यासारखं आहे.

१६ फेब्रुवारी

आज नशीब उघडलं.

सिनेमाची नायिका मिस व्हर्ना. मऊ बोलते, सगळ्यांना ‘हनी’ म्हणते. सिनेमात ती कारखान्यातली गरीब पोर आहे, आयरिश आईची. पहिल्याच पीचला तिनं अंगठा कापून घेतला. धावपळ झाली, डॉक्टर आला. मग दिग्दर्शक मिस्टर ड्रमंड स्वतः मागच्या रांगेपर्यंत चालत आले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, मिस व्हर्नाचा चेहरा आणि हिचे हात.

रंगवणाऱ्या म्हाताऱ्यानं माझे हात कोपरापर्यंत पांढरे केले. तीन थर. पावडरीला बदामाचा वास येतो. नखांतला काळपटपणा निघेना तेव्हा त्यानं काडीनं कोरून काढला, पण दुखू दिलं नाही. काम झाल्यावर मी आरशात बघितलं तर चेहरा माझा आणि हात दुसऱ्याच कुणाचे, चंद्रावरून आल्यासारखे. मला ते फार आवडले. तेंचाला नाही आवडले. ती म्हणाली, मेल्यावर हात असेच दिसतात.

दिव्यांच्या उबेत मी डब्यामागून डबा भरला. हात आपोआप चालतात, त्यांना माझी गरज नसते. एकदा ड्रमंडसाहेबांनी थांबवलं. शेवटची फोड उलटी का, म्हणून विचारलं. मी नकळत उताणी ठेवली होती.  मी म्हटलं, सवय आहे. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले की खळगीत पाक साचतो आणि उजेड छान चमकतो, असंच राहू दे.

घरी आल्यावर आईनं माझे हात हुंगले. म्हणाली, धू.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्टर ड्रमंडनी मला जेवायच्या सुट्टीत बोलावून घेतलं. खऱ्या संपाबद्दल विचारलं. मला वाटलंच होतं की या माणसाच्या डोळ्यांत वेगळी आस्था आहे. ते लिहून घेत होते आणि मी सांगत होते. आई खोक्यावर कशी उभी राहिली ते सांगितलं. मालकानं शेवटी सगळं कबूल केलं होतं, पण पुढारी कोण त्यांची नावं द्या म्हणून अडून बसला होता. तेव्हा आई म्हणाली होती: “सगळ्यांची नावं लिहा. एकही गाळू नका.” आणि चारशे बायकांनी रांग लावून नावं लिहून दिली. कुणाला काढणार? मालकाचं तोंडच बंद झालं.

साहेबांची पेन्सिल थांबली. म्हणाले, हे तू बोलायचंस. सिनेमात. तुझ्या चेहऱ्यावर कॅमेरा असेल.

मी घरी उडतच आले. आई अक्रोड फोडत होती. तिचा हात थांबला.

“नावांचं सांगितलंस?”

“तेच तर सगळ्यांत सुंदर आहे.”

“आणि कागदाचं?”

कुठल्या कागदाचं, म्हणून मी विचारलं.  ती उठली आणि भर पाच वाजता पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. वय झालंय तिचं. आनंदसुद्धा सोसत नाही.

४ मार्च

बोलले. मी बोलले!

तीन वेळा घेतलं. खोक्यावर मी, खाली सगळ्या, वर इतके दिवे की समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. मला कॅमेरा दिसला नाही, आईच दिसली, पाच वर्षांपूर्वीची, डोळे शाबूत असलेली. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला आणि मागच्या रांगेत आमच्या बायका खऱ्याच रडायला लागल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हा चेहरा लोक विसरणार नाहीत, म्हणाले.

नंतर त्यांनी मिस व्हर्नालाही त्याच खोक्यावर उभं करून तेच वाक्य बोलायला लावलं. मदतनीस म्हणाला की ते फक्त उजेड जुळवून बघायला. तिला बिचारीला पाठच होईना, सात वेळा घ्यावं लागलं.

१२ मार्च

शेवटचा दिवस. मिस व्हर्नानं मला भेट दिली. पांढरे रेशमी हातमोजे, एकदाच वापरलेले. म्हणाली, हनी, तुझ्या हातांचे माझ्यावर उपकार आहेत. मी मोजे कपाटात ठेवलेत. ते घालून जायचं कुठे?

१९ जुलै

मोसम सुरू झाला. पीचची लव मानेपर्यंत चिकटलीय, खाजवून खाजवून हात लाल. बदामाचा वास आता आठवूनही येत नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. मी फारच जणांना सांगून बसलेय. आमच्या इथल्या ब्रुकलिन ॲव्हेन्यूवरचा पाववाला मला ‘या, तारका’ म्हणतो. पाद्रीबाबांनी रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्यातल्या एका लेकीचा चेहरा आता देशभर दिसणार आहे, आणि मी मान खाली घातली, पण ओढणीखाली हसत होते. स्टुडिओला दोन पत्रं लिहिली, सिनेमा कधी येणार म्हणून. उत्तर नाही. मोठी माणसं कामात असतात.

आज पट्ट्यावर तेंचानं टोमणा मारला, “काय गं, आमच्याबरोबर पीच भरायला लाज नाही ना वाटत?” मी हसून सोडून दिलं. मग ती हळूच म्हणाली, “देल्फिना, त्यांनी तुला नाही ठेवलं तरी आम्ही तुला ओळखतो हं.” मला तिचा रागच आला. रात्री मात्र ते वाक्य पुन्हा आठवलं.

३० ऑक्टोबर

सिनेमा आलाय. शहरातल्या मोठ्या थिएटरात. पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला सगळी गल्ली जाणार. आई म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तुला दिसणार नाही आणि इंग्रजी कळणार नाही. ती म्हणाली, “तू आहेस ना सांगायला.”

६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी गेलो, उजेड असताना परत आलो. जसं झालं तसं लिहिते.

आम्हाला वरच्या माळ्यावर बसवतात, त्यात नवल नाही. तीन रांगा आमच्याच. खाली दिवे मालवले तसा माळ्यावर पीचच्या मोसमासारखा गरम अंधार झाला. सुरुवातीला नावं आली, वरून खाली सरकत गेली. मी डोळे फाडून वाचत होते. माझं नव्हतं. बाराजणींतल्या कुणाचंच नव्हतं. आई म्हणाली, काय चाललंय? मी म्हटलं, नावं. ती म्हणाली, “आपली?” मी म्हटलं, फार भरभर गेली.

मग मी तिच्या कानाशी सांगत राहिले. कारखाना आला. वाफ आली. त्या वाफेत कुणीतरी हलत होतं, पण कोण ते मला माहीत होतं म्हणूनच कळलं. पुढे सोनेरी पोरी हसत होत्या. एकदा तेंचाचा रुमाल दिसला आणि आमच्या रांगेत कुजबुज झाली. माझा चेहरा अजून यायचा होता. मी आईला सांगत होते, आता येईल, आता येईल.

संप आला. खोका आला. त्याच्यावर मिस व्हर्ना चढली.

ती बोलली. “सगळ्यांची नावं लिहा. एकही गाळू नका.” तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि खाली बसलेले लोक शांत झाले होते. कॅमेरा तिच्याभोवती फिरला तेव्हा कडेला कुणाचातरी डावा खांदा दिसला, हिरव्या चौकटीच्या कापडाचा. तो माझा. तेवढीच मी.

मागे कुणी हललं नाही. सगळी गल्ली माझ्या मानेकडे बघतेय असं मला वाटलं. आणि मी काय केलं, तर आईच्या कानाशी लागून म्हटलं, “आता मी आहे आई. मी खोक्यावर उभी आहे. मी बोलतेय तुझं वाक्य.” मी थांबलेच नाही. सांगितलं की निळा झगा आहे, केस मोकळे आहेत, माझ्यामागे आंपारो आहे, पेत्रा आहे, निकोलासा आहे. त्या तर स्टुडिओत नव्हत्याच, त्या गाडीतून गेल्याला पाच वर्षं झाली, पण माझ्या तोंडून त्या एकामागून एक येतच राहिल्या. शेजारची रांग माझंच ऐकायला लागली होती. तेंचानं मला थांबवलं नाही.

 आई समोर बघत राहिली.

सिनेमा संपत आला. संप जिंकला, बायका कामावर परतल्या. नायिका पहिला डबा भरते. आणि पडदाभर हात आले. माळ्याच्या कठड्यापासून छतापर्यंत हात, दोन माणसं उभी राहतील एवढी बोटं, पांढरीशुभ्र. फोड, फोड, फोड, सगळ्या पालथ्या.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. “ती मघाशी तू नव्हतीस,” ती म्हणाली. “हे तुझे हात.”

“तुला कसं दिसलं?”

“घाई बघ की. अंगठा आत दुमडतेस, लहानपणापासून.”

आणि तेवढ्यात शेवटची फोड आली. ती उताणी बसली. खळगीत पाक भरला, त्यात दिवा चमकला, आणि त्या एका चमकेवर कॅमेरा कितीतरी वेळ थांबून राहिला. खाली बसलेल्या शेकडो माणसांनी ती बघितली आणि त्यांना ते फक्त एक फळ वाटलं असणार. वर माळ्यावर कुणीतरी हुंदका दिला. मग तेंचा, जी चर्चमध्येसुद्धा हळू बोलत नाही, ती अगदी हळू म्हणाली, “बघा गं. निकोलासा आली.”

आमच्या तिन्ही रांगा उभ्या राहिल्या. दिवे लागेपर्यंत तशाच उभ्या होत्या. दारावरचा माणूस वर येऊन विचारायला लागला की काय झालं.

७ नोव्हेंबर

आज मी अक्रोड घेऊन बसले नाही. आईनंच सकाळी हाक मारली. म्हणाली, वही आण. मला वाटत होतं वहीचं तिला माहीत नाही.

ती बोलत होती आणि मी लिहीत होते. तो कागद, ज्याच्यावर तिच्या सांगण्यावरून चारशे बायकांनी नावं लिहिली, तो मालकाकडे राहिला. दोन महिन्यांनी दोन माणसं आमच्या गल्लीत आली तेव्हा तोच कागद त्यांच्या हातात होता. नावावर बोट ठेवायचे आणि दार वाजवायचे. आई खिडकीतून बघत होती. पाच वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या चेहऱ्याची तिला काळजी नव्हती. ती वाक्याची होती, की मी ते जगापुढे मिरवतेय.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझा चेहरा गेला म्हणून की तिचं ऐकून, ते मला सांगता येणार नाही. मी किती दिवस त्या सिनेमाच्या वाफेत चालत होते आणि ही इथे एकटी अक्रोड फोडत होती.

मग ती म्हणाली, “आता लिही. पण हा कागद कुणाला द्यायचा नाही.”

निकोलासा आर्रेओला. पट्टा तीन.

आंपारो विलाल्पांदो. पट्टा तीन.

पेत्रा सांदोवाल. पट्टा तीन.

मिकाएला ओचोआ. पट्टा तीन, तिच्या पोटात मूल होतं.

तोमासा बारागान, जी खोक्यावर उभी राहिली. हे ती लिहू देत नव्हती. मी लिहिलं.

तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं. नंतर मागे रेलून बसली, मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, “तुझं राहिलं.”

देल्फिना बारागान. पट्टा तीन. हात माझे होते.